उत्तराचं टोपडं

ॲथलोन, आयर्लंड,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रमोदिनीताई,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. लिफाफ्यावरचं अक्षर ओळखलं आणि सासूबाई खाली यायच्या आत ते उचलून ऑफिसच्या बॅगेत टाकलं. किलकेनी मानवलं असं लिहिलंयत, बरं वाटलं. खोलीतला हीटर नीट चालतो ना? तुमच्या गुडघ्यांना ओल सोसत नाही.

इकडे सगळं ग्रँड. प्लान्टमध्ये ऑडिट चालू आहे. कॅथेटरच्या एका लॉटवरून तीन दिवस मला प्रश्न विचारले गेले. कागदावर नाही ते घडलंच नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम, आणि मी त्यात चांगली आहे असं म्हणतात. हरीश बरा आहे. रेवती नऊ वर्षांची झाली, शाळेच्या टीममध्ये कमोगी खेळते आणि गुडघे सोलून घरी येते. मी मराठीत रागावते, ती इंग्रजीत उत्तरं देते. सासूबाई ऑगस्टमध्ये सांगलीहून परत आल्या, या वेळी सहा महिन्यांसाठी. आणि मंडळाने यंदा मला सेक्रेटरी केलंय. गिरिजानेच नाव सुचवलं, कुणी विरोध केला नाही.

आता तुम्ही मागितलेल्या कागदाबद्दल.

तुम्ही मागितलंत ते अगदी थोडं आहे, हे मला कळतं. तिथल्या पाळणाघराच्या, क्रेशच्या बाईंना तुमच्याविरुद्धची जुनी तक्रार दिसली. चौकशीत काहीच निघालं नव्हतं, तरी त्या मुलीच्या आईच्या सहीचा कागद आणलात तर नोकरी पक्की, असं त्यांनी सांगितलं. मला विचार करावा लागू नये म्हणून तुम्ही मसुदाही करून पाठवलात. चार ओळी. रेवती त्या संध्याकाळी आईच्या संमतीने तिथे होती, तिला कसलाही धोका नव्हता, एवढंच. उत्तराचं नाव तुम्ही त्यात घातलं नाहीत. मसुदा वाचताना मी ते शोधत होते.

गेल्या नोव्हेंबरात काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं मी कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

उत्तरा गेली ते मार्च एकवीसमध्ये, लॉकडाऊन होता तेव्हा. पाच किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नव्हतं. मंडळातल्या कुणीही माझं पोट पाहिलं नाही. आधी दोनदा लवकर सांगून पस्तावलो होतो, म्हणून या वेळी बाळ हातात येईपर्यंत सांगलीलाही कळवायचं नाही असं हरीशने ठरवलं होतं. मग कळवायला काही उरलंच नाही. पाच किलोमीटरच्या आत तुम्ही एकट्याच होतात. तुम्ही मुगाचं कढण दारात ठेवून गेटपाशी उभ्या राहायचात, मी ते आत घेईपर्यंत. हॉस्पिटलातून मी एक लोकरीचं टोपडं घेऊन आले होते. तिथल्या नर्सने ते तिला घातलं होतं, अर्धा तास. तिचं म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं.

पुढच्या वर्षी तुमचे चंद्रहासदादा गेले. तुम्ही इथेच राहिलात आणि आमची सगळ्यांची मुलं सांभाळू लागलात. गेल्या वर्षी तुम्ही मला ब्रीडच्या पुनवेबद्दल सांगितलंत. तुमची शेजारीण म्हणून मी तिला ओळखत होते, तोंडभर सुरकुत्या, पायात कायम रबरी बूट. हॅलोवीनला नाही, त्यानंतरच्या पुनवेला मेलेल्यांचं दार खरं उघडं असतं, अशी तिच्या आजीची समजूत. शोकाचा चंद्र म्हणते ती त्याला. गावातल्या सात-आठ बायका तिच्या शेतातल्या हॉथॉर्नच्या झाडाखाली जाळ करतात, जी ती आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घेते, मातीत सफरचंद पुरते, की वाटेत त्याला भूक लागू नये. तुम्ही म्हणालात, "अगं, आपली त्रिपुरी पौर्णिमाच आहे ती. मी वात घेऊन जाते." साडेसातशे पदरांची वात तुम्ही महिनाभर वळत होतात, दादांच्या नावाने.

मीच म्हणाले, मला न्या. तुम्ही मला बोलावलं नव्हतं. हे मी मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते.

पंधरा तारखेला, शुक्रवारी, मी अर्धा दिवस सुट्टी घेतली. चारलाच चंद्र वर आला होता, शेतावर अजून उजेड होता. रेवती शाळेतून तुमच्याकडे आली होती, तिला घरात एकटी ठेवता येईना म्हणून मीच तिचा हात धरून कुंपणापलीकडे नेलं. तिलाही एक सफरचंद मिळालं. तुम्ही वात पेटवलीत. माझी पाळी आली तेव्हा मी 'उत्तरा' असं मोठ्याने म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मग मला थांबताच येईना. कुणी मला गप्प केलं नाही. ब्रीडने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. टोपडं मी माझ्या हाताने पुरलं. रेवतीने विचारलं तेव्हा मी तिला खाली बसून सांगितलं की तुला एक बहीण होती. ती म्हणाली, "कूल. वॉज शी स्मॉल?" त्या रात्री मी साडेतीन वर्षांत पहिल्यांदा सलग झोपले.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये तुळशीचं लग्न होतं. इथे सगळे सण शनिवारीच येतात. तुम्ही आतल्या किचनमध्ये होतात, म्हणून पुढचं तुम्ही पाहिलेलं नाही. बायका ऊस बांधत होत्या. रेवती आजीच्या मांडीवर जाऊन बसली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आज्जी, माय बेबी सिस्टर्स हॅट इज अंडर द ट्री. प्रमोदिनी मावशीज ट्री."

सासूबाईंना इंग्रजी येत नाही म्हणून गिरिजाने मराठीत सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कुठली बहीन? कुनाचं टोपडं?"

हरीश चार पावलांवर उभा होता. त्याने फोन बाहेर काढला आणि त्यात बघू लागला. मला एवढंच म्हणायचं होतं, की हो, होती. दोन शब्द. सासूबाई रडल्या असत्या, चिडल्या असत्या, महिनाभर बोलल्या नसत्या. त्यापलीकडे काही झालं नसतं.

मी म्हणाले, "कुणी नाही हो बहीण. प्रमोदिनीताई मुलांना काहीबाही सांगत असतात, दादा गेल्यापासून."

मग त्यांनी विचारलं, "मग झाडाखाली टोपडं कुनाचं पुरलंय?"

आणि मी म्हणाले, "रेवतीचं असेल. तिचं जुनं एक सापडत नाहीये."

काय बोलले ते मला बोलता बोलता कळलं. जित्या पोरीचं टोपडं, मेलेल्यांच्या पुनवेला, विधवा बाईने झाडाखाली पुरलेलं. सांगलीच्या बाईला आणखी काही सांगावं लागत नाही. पण नुसत्या सांगलीच्या बाईचं काय घेऊन बसलात. तिथे दोघी पीएचडी होत्या, एक डॉक्टर होती. 'करणी' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तो सासूबाईंनी नाही, त्या डॉक्टरने. हसत, पण उच्चारला. तिने लगेच आपल्या मुलाला जवळ ओढलं.

तेवढ्यात तुम्ही मसालेभाताचं पातेलं घेऊन बाहेर आलात. गिरिजाने तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं, "टोपडं कुणाचं आहे?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी उसाची दोरी बांधत होते. एकच गाठ तीनदा बांधली. तुम्ही म्हणालात, "माझी चूक झाली." पातेलं टेबलावर ठेवलंत, हात पुसलेत आणि कोट घेऊन निघून गेलात. बाहेर पाऊस होता, आणि तुम्हाला गाडी चालवता येत नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कुणी उठलं नाही.

रविवारचं तुम्हाला माहीत आहे. सासूबाई, गिरिजा आणि मी तुमच्या दारात आलो. तुम्ही काही न विचारता ब्रीडच्या शेतात जाणारं मागचं फाटक उघडलंत, खुरपंही तुम्हीच आणून दिलंत. मी खणलं. टोपड्याला नुसती माती लागली होती, दोन दिवसांत काय होणार. सासूबाईंनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घेतलं. तुम्ही किचनच्या खिडकीत उभ्या होतात.

तुम्हाला माहीत नाही ते पुढचं आहे. घरी आल्यावर सासूबाईंनी मीठ-मिरच्या घेतल्या, ते टोपडं रेवतीवरून सात वेळा ओवाळलं आणि मागच्या अंगणातल्या बार्बेक्यूत टाकलं. लायटर मी दिला. लोकर पटकन जळत नाही, आधी आकसते. हरीश वरच्या खिडकीतून बघत होता. ते कुणाचं आहे हे आम्हा दोघांना माहीत होतं, आणि रेवतीला. रात्री तो म्हणाला, "जाऊ दे. आता तरी विषय संपला." आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही.

त्या आठवड्यात सहाही मुलं तुमच्याकडून काढली गेली. तक्रार गिरिजाने लिहिली असं तुम्ही पत्रात म्हणता. टाइप तिने केली. मजकूर माझा होता. 'विधी', 'अग्नी', 'मुलीचे वस्त्र', हे मी सांगितलं, कारण कुठला शब्द लिहिला की कुठलं खातं हलतं ते मला कामामुळे कळतं. एकोणीस सह्या झाल्या, पहिली माझी. त्या खात्याचे लोक चौकशीला आले तेव्हा तुम्ही त्यांना एका शब्दाने सांगितलं असतंत तर हॉस्पिटलच्या एका फोनवर सगळं उघडं झालं असतं. मी दोन आठवडे त्या फोनची वाट पाहत होते. तो आला नाही. मग मला तुमचा राग यायला लागला. खरंच सांगते. इतकं चांगलं कुणी असू नये असं वाटायचं.

पाच तारखेला यंदाची पुनव होती. दुपारी ब्रीड दारात आली, हातात सफरचंद. तिच्या इंग्रजीत म्हणाली, "लेकीची जागा ठेवलीय हं तुझ्या." सासूबाईंनी मागून विचारलं कोण आहे. मी म्हणाले, पत्ता चुकलेली बाई. ब्रीडला मराठी येत नाही, पण तिला कळलं. सफरचंद पायरीवर ठेवून ती गेली. मी दुकानात जाते म्हणून निघाले आणि तिच्या शेताच्या रस्त्याला गाडी लावून आत बसले. काचेतून जाळ दिसत होता. एकेक नाव ऐकू येत होतं. मग कुणी पुढे येईना तेव्हा ब्रीडनेच 'उत्तरा' म्हटलं, तिच्या जिभेवर ते 'उट्रा' झालं. मी गाडीतून उतरले नाही. परत येताना आठवणीने दूध घेतलं.

तुमचा कागद मी दहा तारखेला लिहिला होता. सही करून लिफाफ्यात घातला, तिकीट लावलं. हरीशने तो किचनच्या कपाटावर पाहिला आणि वाचला. म्हणाला, "एकोणीस जणांना खोटं पाडणार? सेक्रेटरी आहेस तू. आणि आई विचारेल, तुझ्या संमतीने होती म्हणजे काय? मग काय सांगशील?" तो ओरडला नाही. लिफाफा त्याने फाडलाही नाही. जिथे होता तिथे ठेवला आणि म्हणाला, तुझं तू ठरव. मी ठरवलं. तुम्हाला चौदा तारखेपर्यंत हवा होता. चौदा शुक्रवारी होती.

तेव्हा नोकरी गेली असणार. मी काही दुसरी मदत करू का असं लिहिणार होते. खोडलं.

आणखी एक आहे. ते न लिहिता हे पत्र बंद केलं तर सगळंच खोटं होईल. रेवतीने तुमच्याबद्दल वर्षभर विचारलं. मी सांगत राहिले, मावशी दुसऱ्या गावी गेली. गेल्या महिन्यात गाडीत ती अचानक म्हणाली, "वॉज इट बिकॉज आय टोल्ड आज्जी?" आरशात तिचा चेहरा दिसत होता. नाही म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग कुणामुळे? मी म्हणाले, "हो. म्हणून घरातलं बाहेर बोलू नये."

आता ती फार कमी बोलते. शाळेतल्या बाईंनी दोनदा फोन केला. सासूबाईंना ती शहाणी झाल्यासारखी वाटते.

हे सगळं मी मराठीत लिहिलंय, क्रेशच्या बाईंना वाचता येणार नाही. भाषांतर करून घेता येईल, खाली माझी सही आहे, तेवढं त्यांना पुरेल. पण तुम्ही ते करणार नाही. मी हे लिहू शकले ते त्याच खात्रीवर.

उत्तर पाठवू नका. पोस्ट आता सासूबाई उचलतात.

तुमच्या गप्प राहण्यावर सुखाने जगत असलेली,
निवेदिता