दोन इंच आखूड बाह्या

प्रिय चिमणे,

पाच महिन्यांनी लिहितोय. तू हे न वाचता फाडून टाकलंस, तरी मला काही म्हणायला तोंड नाही.

आधी तब्येतीचं सांगतो, ते सोपं आहे. अखेर डॉक्टरांकडे गेलो. तू दोन वर्षं मागे लागली होतीस आणि मी म्हणायचो, कटिंग मास्तरला हात लागतात, कंबर नाही! वजन एकशे अठरा भरलं. हल्ली विसरायला होतं म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द सांगितले, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग तेच शब्द परत म्हणायला लावले. मला दोनच आठवले. मी म्हटलं, "अक्कल गुडघ्यात असते म्हणतात, माझे तर गुडघेच गेलेत." बाई हसल्या नाहीत. "जाड माणूस मंद असतो असं मुळीच नाही," म्हणाल्या, "पण झोपेत तुमचा श्वास अडतो, साखर वाढलीय, रक्तदाब वाढलाय. त्यानं लक्ष आणि आठवण ढिली पडू शकते. उपचारांनी फरक पडेल." आता श्वास अडू नये म्हणून रोज नाकावर हवेचा मास्क लावून झोपतो. तुझी वहिनी म्हणते, घोरणं थांबल्यामुळे तिलाच झोप येत नाही.

तर आपल्या कारखान्यातले ते नर्सांचे साठ कोट. बाह्या दोन इंच आखूड कापल्या गेल्या. मालक कडाडले तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं, "मापं घेणं हिचं काम. हिनं मला बदल सांगितलाच नाही." तू एवढंच म्हणालीस, "दादा, दोनदा सांगितलं रे." मग गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलीस. तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो गं. मला खरंच आठवत नव्हतं.

आठ दिवसांनी खडूच्या डब्यात चिठ्ठी सापडली. 'नर्स कोट, बाही दोन इंच वाढव.' अक्षर माझंच. तू सांगितलंस, मी लिहून घेतलं आणि साफ विसरलो. मी त्या चिठ्ठीचे बारीक तुकडे केले. त्याच दिवशी जेवताना आई तुला धांदरट म्हणाली आणि मी मान डोलावली.

डॉक्टरीणबाईंचं ऐकून आधी मला हायसं वाटलं. चूक माझी नाही, आजाराची! जिना उतरेपर्यंतच टिकलं ते. विसरलो असेन आजारानं. पण चिठ्ठी फाडताना मी टक्क जागा होतो, श्वासही नीट चालू होता.

काल आईला सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. आज सकाळी मशिनी थांबवायला लावून कारखान्यात सगळ्यांना सांगितलं.  उद्या मालक तुला फोन करून परत बोलावणार आहेत. यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. त्यांच्या तोंडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. पत्र स्वतःच तुझ्या दाराखालून सरकवून जाईन. बेल वाजवायची हिंमत नाही.

तू म्हणू देशील तर, तुझाच
दादा