कापूस कशासाठी धावतो

३ मार्च
फुकट मिळालेला कुत्रा. खरी किंमत — तो देणाऱ्या रशीदला मोसमातली आंब्याची पहिली पेटी, जयगडला जाण्यायेण्यात गेलेली अख्खी दुपार, आणि घरी बायकोचा, म्हणजे दर्शनाचा, दोन दिवस अबोला!

पण जनावर पांढरंशुभ्र. नाव ठेवलं कापूस. वांदरं हाकायला आम्ही बागेत फटाके लावतो, तर राखणीची कुत्रीच आधी पळतात. रशीदनं माझ्यासमोर सुतळी बॉम्ब लावला — हा जांभई देतोय! 'बघा शेठ, डरतच नाय.' तिथंच सौदा पक्का. पेट्या वाहता वाहता बागायतदार झालोय मी, माल पारखता येतो.

५ मार्च
कलेजी दिली, बांगड्याची डोकी दिली, बिस्किटं दिली. खातो आणि बसतो. वांदरं आंबे चावून फेकतात, हा बघतो.

दर्शना : 'पाडव्यापर्यंत धावला नाही तर जयगडला परत. आधीच सांगून ठेवते.'

८ मार्च
दुपारी बागेत कुणी नव्हतं. खाली खाडी चमकत होती, उरल्यासुरल्या मोहराचा वास सुस्तावलेला. मी खाटेवर. कापूस कातळाला हनुवटी टेकून, डोळे माझ्यावर. मी कूस बदलली, त्यानं बदलली. कितीतरी वेळ असेच — जणू एकच झोप दोघांनी वाटून घेतलेली.

कलेजी तशीच राहिली. तिला मुंग्या लागल्या.

९ मार्च
गवत काढायला येणाऱ्या यमुनाबाई म्हणाल्या, 'भाऊ, तेला खाऊ नको, जोडीला कोन तरी पायजेल. तुमी खाटंवर लोळनार नि तो येकटा धावनार व्हय?'

लागलं. खरंही होतं.

११ मार्च
धावलो! साठीत, लुंगी खोचून, हात उडवत. आणि कापूस सुटला तो माझ्याही पुढे! वांदरं कुंपणापार. परत येऊन माझ्या गुडघ्याला अंग घासत उभा. बिस्कीट दिलं, तर नुसतं हुंगलं. पुन्हा माझ्याकडेच बघतोय — चल ना, अजून एकदा!

१५ मार्च
आता पळावंही लागत नाही. शीळ घालत खाटेवरून उठतो न उठतो, तोच हा निघालेला! माझे कान तिखट, फांदीवर वांदर उतरलं की मला कळतं. याचे माझ्याहून तिखट. दर्शनाला म्हटलं, 'शिळेवर चालणारा असा कुत्रा अख्ख्या रत्नागिरीत दुसरा दाखव.' हसली. स्वतःच्या हातानं त्याला भात वाढला. जयगडचं नाव नाही काढलं.

१७ मार्च
लस टोचायला कापूसला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याच्या पाठीमागे स्टीलचा ट्रे आपटला. दोनदा.

जन्मापासून ठार बहिरा आहे.