बादलीभोवतीचा फेरा

तात्या, तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसलो ते एका रकान्याची तक्रार करायला. रकाना दीड इंचाचा आहे. वर छापलंय, 'कलेचा उगम व परंपरा'. अर्जदाराच्या पत्त्याला चार ओळी, पिनकोडला सहा स्वतंत्र चौकटी, आणि परंपरेला दीड इंच. जन्मभर लोकांची टर उडवून पोट भरलेला मी, पन्नाशी उलटल्यावर या दीड इंचापुढे चार दिवस पेन चावत बसलोय. यापेक्षा मोठा अन्याय माझ्यावर शत्रूंनीही केला नव्हता.

अर्ज तुमच्या लेकीचा. तुमची लाठी आता ती शिकवते, शाळेमागच्या मैदानावर, गावातल्या अकरा पोरींना. पारंपरिक खेळांच्या यादीत नाव लागलं तर मैदान त्यांचं, नाहीतर दिवाळीनंतर तिथं गाड्या उभ्या राहणार. तपासायला आलेले साहेब घाटावरचे. पोरी प्रत्येक वाराआधी मान खाली घालतात ते पाहून त्यांनी विचारलं, "ही सलामी कुणाला?"

"वाशाला," तुमची लेक म्हणाली.

"इथं वासा कुठाय?"

"हितं नाय. घरी हाय."

साहेबांनी काहीतरी खोडलं. "डोक्यावरून फिरकी नाही, ही मान कुठल्या घराण्यात बसत नाही," वगैरे पुटपुटले. मग पोरींनी तो फेरा घेतला. मधली रिकामी जागा सोडून, पाय घासत अर्धा वळसा, लाठी बाहेरच्या अंगाला. साहेब खुर्चीतून उठलेच. "हा मात्र अस्सल! असा पाय मी कुठंच बघितला नाही. किती जुना असेल?" तुमच्या लेकीनं माझ्याकडे बघितलं, कारण तुमच्या पहिल्या तुकडीतला आज गावात असलेला मी एकटाच. मी म्हटलं, "जुना आहे." तात्या, तेवढ्यापुरता मला एकही विनोद सुचला नाही.

पावसाळ्याचे चार महिने अंगणात शेवाळ, म्हणून आपली लाठी पडवीत. तुम्ही मुंबईची गोदी सोडून आलेले. लाठीचे अर्धे हात बापाकडून घेतलेले, अर्धे तिथल्या चाळीतल्या कुणा साताऱ्याच्या गड्याकडून. पडवीचा वासा बरोबर आमच्या भुवईला. "वाशाला मान दे मेल्या, मग मार," तुम्ही ओरडता आणि आम्ही वाकतो. एका संध्याकाळी तुम्ही विहिरीवर गेलात आणि मी जत्रेत पाहिलेली फिरकी डोक्यावरून घेतली. वर खळ्‌कन आवाज, आणि कौलाचे तुकडे माझ्या खांद्यावर. तुम्ही परत आलात तेव्हा मी तयार होतो. "माकडांनी फोडलं, तात्या." तुम्ही वर बघितलं, मग माझ्या लाठीचं लालभडक झालेलं टोक बघितलं. "माकडाच्या हातात लाठी कुनी दिली रे?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

मग तुम्ही गळतीखाली बादली ठेवलीत. "बादलीला लाठी लागली तर पानी तूच भरशील. फिरून जा." तो सगळा पावसाळा आम्ही बादलीला वळसा घालून लढलो. पुढच्या वर्षी तुम्ही भोकावर पत्र्याचा तुकडा बसवलात, बादली न्हाणीत गेली, पण आमचे पाय काही सरळ जाईनात. तुम्ही ओट्यावर बसून बघत होतात. ओरडाल असं वाटलं. म्हणालात, "ऱ्हाऊ दे. बरं दिसतंय."

तर साहेबांचं अस्सल ते हे. शेजारचे एक पुढारी रोज सल्ला देतात, "लिहा की शिवकाळापासून! खरंखोटं कोण बघतंय?" असल्या माणसांवर मी आजवर पानंच्या पानं लिहिली, आणि परवा माझाच पेन 'शि'पर्यंत जाऊन आला. शेवटी तुमच्या लेकीला सगळं सांगितलं. कौल, माकड, बादली. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं.

"म्हंजे सायबाला आवडला तो फेरा तुमच्या खोडीचा?"

"हो."

"बाबा सांगायचे, ह्यो फेरा आमच्या माकडानं दिलाय म्हनून. पुढं काय सांगायचे नाय, नुसते हसायचे. मला वाटायचं, खरंच माकड." आणि ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग म्हणाली, "खरं लिवा, दादा. मैदान गेलं तर पडवी हाय."

'आमच्या' माकडानं. तात्या, हे तुम्ही मला सांगितलं असतंत तर? मी तर कौलाच्या लाजेनं दहावीनंतर तुमच्या पडवीत पाऊलच टाकलं नाही. पुढं मुंबईत होतो तेव्हाही गावी आलो की रस्त्यावरूनच हात करायचो, आणि तुम्ही ओट्यावरून लाठी वर करायचात.

रकान्यात लिहिलं: 'वासा, बादली आणि एक माकड. खाली सही माकडाची.' दीड इंच पुरला.

संगमेश्वराजवळ हायवेसाठी पाडलेल्या घरांची जुनी कौलं रस्त्याकडेला रचून ठेवलेली असतात. तुमच्या छपराच्या मापाचं एक शोधून आणलं. आज सकाळी लेक मैदानावर गेलेली असताना पडवीत शिडी लावली, गंजलेला पत्रा काढला आणि कौल बसवलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, पण एक कबूल करतो. उतरून पडवीतून बाहेर पडताना पाय आपोआप वळला, आणि वासा मात्र कपाळावर बसला. मान द्यायला विसरलो, तात्या. टेंगूळ चोळत थोडा वेळ तिथंच उभा राहिलो, कुणी 'मेल्या' म्हणेल म्हणून.