बिनकिल्लीचं दार

१४ सप्टेंबर, रविवार
यंदा देऊळगाव राजाच्या यात्रेला जाणारच. बालाजीला बोलले होते, यांचं पहिलं पेटंट झालं की पायाशी येऊन नारळ फोडीन. पेटंटं तीन झाली. नारळ देवघरातच वाळून खुळखुळतोय. प्रतिमाचा, म्हणजे तिथे दिलेल्या धाकट्या बहिणीचा, फोन होता. म्हणाली, ताई, यंदाही मशीनचं कारण सांगितलंस तर मी बोलणार नाही. मी म्हटलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत मी आहे.

यांना सांगायला गेले. हे टेबलाखाली वायर जोडत होते. ‘हं’ म्हणाले.
परवानगी मिळाली.

१५ सप्टेंबर
मागच्या तीन वर्षांत माझी चूक नव्हती, हे लिहून ठेवते.
पहिल्या वर्षी शेतीचं यंत्र. विहिरीवर लाईट आली की शेतकऱ्याला फोन. ट्रायल आमच्या फोनवर, उचलायला मी.
दुसऱ्या वर्षी स्वयंपाकाचं. कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करणारा डबा. पण आमचं घर नांदुऱ्याच्या रेल्वेलाईनीला लागून. डबा इंजिनांचे भोंगेही मोजतो. मालगाडी गेली की तुरीची डाळ कच्ची. तरी वापरते. गॅस वाचतो.
तिसऱ्या वर्षी दवाखान्याचं. सलाईन संपलं की कोकलणारं. ऐन यात्रेत मी पेशंट म्हणून खाटेवर.
यंदा काही नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार
आहे. पुढच्या दाराला यंत्र बसवलं. किल्ली नाही, कुलूप नाही, बोट ठेवलं की दार उघडतं. आतून यंत्र, बाहेरून यंत्र, दार आपोआप लागतं. चोर आत शिरलाच तर बाहेर पडू शकत नाही, याचाच यांना जास्त आनंद. परकं बोट लागलं की भोंगा. यांची स्वतःची बोटं यंत्राला दिसेनात, सोल्डरच्या चटक्यांनी रेषाच उरल्या नाहीत. म्हणाले, तुझं बोट घेऊ. मी म्हटलं, पितृपक्षात नाही. चिडले, पण थांबले. या घरात माझा शब्द चालतो.

जुनं कडीकुलूप भांडेवालीला देऊन चाळणी घेतली. चांगला सौदा.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
मुहूर्तावर बोट दिलं. आधी दोन्ही यंत्रांना तेलात कालवलेलं कुंकू लावलं, मग त्यावरच बोट टेकवलं. दार उघडलं! हे काच पुसायला निघाले. मी पुसू दिली नाही. नवरात्रात कुंकू पुसतात का?

२५ सप्टेंबर
आता घर माझ्या बोटावर चालतं. यांना बाजारात जायचं, मी हवी. परत आले, मी हवी. कणकेचा हात धुऊन उठावं लागतं, पण मान आहे. शेजारच्या सिंधूताई खिडकीतून म्हणाल्या, काऊन वो बाई, देवीच्या देवळातही दिसून नाही राह्यल्या? मी म्हटलं, माझ्यावाचून घर उघडत नाही. त्या म्हणाल्या, माय, आमच्याकडे तं बकरीबी दार ढकलून येते.
अडाणी बोलणं.

२९ सप्टेंबर
प्रतिमाकडे गेले तर दार कोण उघडेल, हे यांना विचारलं. म्हणाले, बघू. याचा अर्थ सोय होते आहे. पिशवी भरली.

१ ऑक्टोबर
खामगावचे सराफ शेषराव यंत्र बघायला परवा येणार. पटलं तर दुकानाला घेणार. परवाच माझी गाडी. हे म्हणाले, दोन मिनिटांचं काम, बोट लाव आणि जा. किती समजूतदार.

२ ऑक्टोबर, दसरा
शस्त्रपूजेला सोल्डरगन, पकड, चारही यंत्रं. दाराच्या दोन्ही यंत्रांना गुळाचा नैवेद्य लावला. एकाला द्यायचा, दुसऱ्याला नाही, असं देवाच्या कामात चालत नाही.

३ ऑक्टोबर, सकाळ
शेषराव आले. मी बोट लावलं. दार उघडलं. ते खूश. चहा ठेवला. दार लागलं. पिशवी हातात घेतली.

३ ऑक्टोबर, दुपार
पिशवी खाली ठेवली आहे.
हे शेषरावांना सांगत होते की जगात हे दार फक्त आमच्या मंडळींच्या बोटाने उघडतं. तेवढ्यात दार उघडलं आणि सिंधूताईंची बकरी आत आली. बाहेरचा गूळ चाटून आली होती. दार लागलं. मग तिने आतला चाटला. शेषरावांनी विचारलं, हिचंही बोट घेतलंय का?

मी धावत जाऊन बोट लावलं. भोंगा. पुन्हा लावलं. भोंगा. काचेवरचं कुंकू साफ. बाहेर सिंधूताई ओरडतायत, माही बकरी काऊन कोंडली वो?

यांनी तपासून सांगितलं, यंत्राने माझं बोट घेतलंच नव्हतं, कुंकवाचा डाग घेतला होता. डागावर कुणीही काही टेकवलं असतं तरी दार उघडलं असतं. यांचंही बोट चाललं असतं. बारा दिवस.
असेल. पण बोट माझंच लागत होतं ना.

शेषराव मोरीच्या खिडकीतून गेले. बकरीही गेली. मी प्रयत्न केला नाही. नुसता अंदाज घेतला.
मागच्या दाराशी यांच्या भंगाराचा ढीग, छपरापर्यंत. पुढचं फोडू म्हटलं, तर म्हणाले, स्वतःचं पेटंट कुणी फोडतं का?
सकाळची गाडी गेली. उद्याची आहे.

५ ऑक्टोबर
उद्याची आहे.

६ ऑक्टोबर
दूध खिडकीतून येतं. नारळही खिडकीतून सिंधूताईंकडे देऊन कुणाबरोबर तरी पाठवावा असं मनात आलं. नको. नवस स्वतःच्या हातानेच फेडायचा. एकदा ठरवलं की ठरवलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
यात्रा आटोपली. दुपारी प्रतिमा आली, बालाजीचा प्रसाद घेऊन. बोलली नाही. बोलणार नाही म्हणाली होती, ते खरं केलं. खिडकीच्या गजातून माझ्या हातावर लाडू ठेवला. मलाही भरून आलं, तिलाही.

तेवढ्यात हे टेबलाखालून ओरडले, झालं! प्रतिमा, बाहेरच्या यंत्राला बोट लाव! तिने लावलं. पुन्हा लाव म्हणाले. तिने पुन्हा लावलं. सहा दिवसांनी दार उघडलं. ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडली.

मागे दार लागलं.

हे म्हणाले, बाहेरून जमलं, आता आतून तेवढं राहिलं.

मग प्रतिमा बोलली. ताई, माझी चारची गाडी आहे.
मी म्हटलं, काळजी करू नकोस. मी यांना विचारलंय. ‘हं’ म्हणालेत.