दोरीवरची गुडघ्याची पट्टी

मंगळवार, संध्याकाळ

आठवडाभर वहीला हात लावला नाही, चुकलंच. नात बंगळूरला, तिच्या पहिल्या व्यावसायिक टेनिस स्पर्धेत, महिला एकेरीत खेळते आहे. आणि तिची गुडघ्याची पट्टी इथे वर्तकनगरला, गॅलरीतल्या दोरीवर. मीच धुतली, मीच बॅगेत ठेवायला विसरलो. सून म्हणाली, "बाबा, तिकडे दुकानं आहेत हो. घेईल नवी." घेतली असेल का?

आज मोबाईलवर तिसऱ्या सेटमध्ये चार-चार होते. मग आकडे थांबले आणि समोरच्या मुलीच्या नावापुढे विजयी असं आलं. चार-चारला कोण हरतं? खेळ मध्येच सोडावा लागला, गुडघाच गेला असणार. फोन लावतो म्हटलं, तर सून म्हणते, "आत्ता नको, चिडेल ती."

चिडू दे. पट्टी कधीच वाळली आहे, पण दोरीवरून काढवत नाही. पोरी, हरलीस त्याचं काही नाही. नीट चालता येतंय का, तेवढं लवकर कळव.