कल्पाक पडला आणि कंबर गेली

सोन-कुलचं कुरण,
जेवणानंतर, पोटावर पडून

आदरणीय ताईस धाकट्या बेइशेनचा वाकून नमस्कार (वाकून हा शब्द नुसता सवयीनं आला, तो खरा धरू नकोस).

तुझी तब्येत, तुझी गुरंवासरं, कोचकोरमधली तुझी जर्दाळूची झाडं, सगळं सुखरूप असेलच. इकडे घोड्या भरपूर दूध देतायत, गवत गुडघ्याएवढं आहे, मेंढ्या माझ्यापेक्षा चांगल्या चालतायत. थोडक्यात म्हणजे आनंद आहे. फक्त माझ्या कंबरेत उसण भरली.

आता तू विचारशील, काय उचललंस? ताई, तेच तर दुःख आहे! कुरणावर आलो त्या दिवशी ट्रकमधून पेट्या उतरवल्या, तंबूच्या लोकरी नमद्याच्या गुंडाळ्या उतरवल्या, चुलीची लोखंडी शेगडी एकट्यानं उतरवली (आमची उमसुनाय बघत होती, बायकोपुढे कमी कसं पडायचं), काही झालं नाही. सगळं आटोपून तळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, वारा आला आणि डोक्यावरचा कल्पाक उडून गवतात पडला. आपल्या माणसाची टोपी जमिनीवर राहून कशी चालेल? बाबांनी एवढ्यासाठी मला दोनदा बदडलंय, तुला आठवत असेल. झटकन वाकलो आणि कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. वाकलो तो वाकलोच. ना वर येता येई, ना खाली बसता येई. उमसुनाय आली, लांबूनच म्हणाली, "अहो, नमाजाला उलट्या दिशेला तोंड करून का उभे आहात?" कप्पाळ माझं!

टोपी उचलताना कंबर गेली हे कुणाला सांगायचं? मी शेगडीचं नाव घेतलं. खरं फक्त तुला सांगतोय.

एरवी मी कुरकुरलो नसतो गं, पण आपल्या एर्किनचं नवं घर उभं करायचा दिवस जवळ आला होता. नव्या जोडप्याच्या तंबूचं तुंदुक, म्हणजे ते माथ्यावरचं लाकडी चाक, बेचक्याच्या लांब दांड्यावर चढवून वर धरायचा मान मुलाच्या बापाचा. बापाला जमलं नाही तर मग कोण धरणार? आमचे व्याही ओरोझबाय! तुला तो माणूस माहीत आहे. लग्नात एक मेंढा उचलून घोड्यावर टाकला तर अजून सांगत फिरतो. माझ्या पोराच्या डोक्यावरचं छप्पर त्यानं चढवलं असतं, तर मरेपर्यंत दर जेवणात ते मला वाढलं गेलं असतं.

म्हणून जो जे सांगेल ते केलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं नुकत्याच कापलेल्या मेंढीचं गरम कातडं गुंडाळलं, त्यानं बरं वाटलं, पण कुत्री माझ्या मागे लागली. मग ठरलं की जुळ्यांची आई कंबरेवर चालली की उसण पळते. इथे जुळ्यांची आई म्हणजे बूजान, आणि बूजानला तू पाहिलंयस. ती एकच पाऊल चालली. उसण कुठेही गेली नाही, मी मात्र ओरडत तळ्यापर्यंत गेलो. त्यानंतर मी सरळ अंथरूण धरलं, आणि खोटं कशाला बोलू, ते मला मानवलं. उशाशी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमीस, पायाशी चूल, येणारा जाणारा हळहळतोय. उमसुनायनं इतक्या वर्षांत एवढ्या गोडीनं कधी विचारलं नव्हतं की चहात अजून साय घालू का.

हे सुख डॉक्टरीणबाईंनी मोडलं. आइझिरेक नावाची पोर आहे, घोड्यावरून कुरणं फिरते. तिनं मला उताणं पाडलं, एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, बोटं हलवायला लावली, विचारलं, पायाला बधिरपणा आहे का, लघवीला अडतं का, ताप आहे का. यातलं काही झालं तर तडक दवाखाना गाठायचा, नाहीतर हाडाला काही नाही, स्नायू ताणलाय, काही आठवड्यांत आपोआप भरून येईल. मी म्हटलं, मग पडून राहतो. तर ती म्हणते, "काका, पडून राहिलात तर कंबर आखडेल. शेकायचं, दुखलं तर गोळी घ्यायची आणि चालायचं. खाली वाकायचं ते गुडघ्यांतून, वजन अंगाशी धरायचं, उचलताना वळायचं नाही. आणि जड काही एकट्यानं तर नाहीच." उमसुनायनं हे सगळं ऐकलं आणि दुसऱ्या सकाळी माझ्या हातात पाण्याची बादली दिली. (अर्धीच.)

तो दिवस उजाडला. व्याही आले, घोड्यावरून उतरायला त्यांना जरा वेळच लागला. मी म्हटलं, व्याहीबुवा, तुम्ही पाहुणे, तुंदुक तुम्हीच धरा. (मनात: धरून तर बघ!) ते म्हणाले, छे छे, हक्क तुमचा. मी म्हटलं, तुमच्यासारखी ताकद कुणात आहे? ते म्हणाले, वयाचा मान आहे. मला नवल वाटलं, हा माणूस मान सोडतोय? तेवढ्यात वारा आला आणि ओरोझबायांचा कल्पाक आमच्या दोघांच्या मध्ये गवतात पडला.

ताई, कुणीच वाकेना. ते टोपीकडे बघतायत, मी टोपीकडे बघतोय, दोघांचे हात आपापल्या कंबरेवर. सगळी मंडळी थांबलेली. शेवटी मी हळूच विचारलं, "कधीपासून?" ते म्हणाले, "परवा. पायात मोजा चढवताना." मग मी त्यांचा खांदा धरला, त्यांनी माझा, गुडघ्यांतून एकदम खाली बसलो, टोपी घेतली आणि कण्हत वर आलो. लोकांना वाटलं, व्याह्यांचं प्रेम आहे. टाळ्यासुद्धा झाल्या. मला तो माणूस एकदम आवडायला लागला.

तुंदुक आम्ही दोघांनी मिळून चढवलं. पोरांनी त्यात भराभर छताच्या काठ्या बसवल्या. एर्किनच्या छपरातून आभाळ दिसलं, तेव्हा माझे डोळे भरून आले, ते कंबरेमुळे नव्हे.

तुझा धाकटा,
बेइशेन

ता. क. उंटाच्या लोकरीचे दोन कमरपट्टे पाठव. एक व्याह्यांना. पण त्यांच्या बायकोला कळू देऊ नकोस.

ता. क. २. चढवलं म्हणजे आम्ही दांड्याला हात लावला होता. वजन खालून उमसुनायनं पेललं. त्यामुळे आता तिची कंबर धरली आहे, ती अंथरुणात आहे, आणि स्वयंपाक मी करतो. तेव्हा पट्टे राहू देत, तू स्वतःच ये.

ता. क. ३. आत्ता बाहेर चुलीशी बसून तंबूच्या जाळीतून पाहिलं. माझा कल्पाक खुंटीवरून खाली पडला. उमसुनाय टुणकन उठली, एका झटक्यात वाकून तो उचलला, झटकून खुंटीला लावला आणि पुन्हा आडवी होऊन "आई गं" म्हणाली. चहात साय जास्त घालून नेऊन देतो आहे. तरी तू येच, नान रोज करपतोय.