आटलेल्या म्हशीची पेंड

आबा, मंगळवार पेठेतला आपला गोठा आता राहिला नाही. तिथं गाड्या लावतात. तरी तिथनं जाताना मला भिजवलेल्या पेंडीचा वास येतो, आणि ती म्हैस आठवते.

नवरा गेल्यावर मी पोरीला घेऊन माहेरी आले, तेव्हा नुकतीच व्यालेली पहिलारू म्हैस तुम्ही माझ्या स्वाधीन केलीत. "हिचं दूध तुझं. कुणाफुडं हात पसरायचा न्हाय," एवढंच म्हणालात. दुधाच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर तिची धार मीच काढायची. पुढं ती गाभण राहिली, आटली, आणि आपल्यातल्या रिवाजाप्रमाणं तुम्ही तिची पेंड बंद केलीत. नुसतं उसाचं वाढं, शेंड्याचा पाला. मी विचारलं तर म्हणालात, "दूध न देता पेंड खायाला ती काय जावई हाय व्हय?" मीही हसले.

ती व्याली आणि थोड्याच दिवसांत तिनं खाणं सोडलं. तोंडाला गोडसर वास येतोय, दूध उतरत चाललंय. डॉक्टरांनी लघवी तपासली, सलाईन लावलं, म्हणाले, "रक्तातली साखर उतरलीय." ती वाचली. पण दूध काही वाढलं नाही, आणि महिने गेले तरी ती माजावर आली नाही. चुलती दारात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "रांडमुंड बाईचा हात लागलाय, दुसरं काय हुनार!" तुम्ही तिथंच वैरण टाकत होता. तशीच टाकत राहिलात. दुसऱ्या दिवशी मी धारेला बसणार, तर तुम्ही माझ्या हातातली चरवी काढून घेतलीत. "ऱ्हाऊ दे की. मी काढतो." म्हशीला वडगावच्या बाजारात विकायला नेलंत तेव्हा मी घराबाहेर आले नाही.

पुढं शिवणकाम करता करता मी वाचायला लागले, मिळेल ते. जनावरांच्या आहारावरचं एक पुस्तक हाती आलं. गाभणपणाच्या शेवटी रेडकू पोटात झपाट्यानं वाढतं. तेव्हा पेंड तुटली, चारा निकस पडला, तर व्याल्यावर म्हैस अंगातली चरबी मोडून दूध देते. ती चरबी पुरती जळत नाही, अर्धवट जळालेलं रक्तात साठतं. गोड वास त्याचाच. आणि रक्तात साखर कमी पडली की माजावर आणणारी संप्रेरकंही मंदावतात. हे वाचून मला रडू आलं नाही. मशीन थांबवून बराच वेळ माझ्या हातांकडं बघत बसले.

तुम्ही चरवी घेतलीत ती लोकांच्या तोंडापासून मला वाचवायला, की तुम्हालाही चुलतीचं पटलं होतं? जयसिंगपूरच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुमच्या उशाशी बसले होते, तेव्हाही मला ते विचारवलं नाही. आता माझ्यावरचा बोल उतरवायचा तर तो तुमच्यावर ठेवावा लागतो. पोरगी म्हणते, "आज्ज्याला हे कळलं न्हाय तेच बरं झालं." मी मान हलवते. पण आबा, तुम्ही समोर असता तर मी सांगितलं असतं. तुम्हाला लागलं असतं, तरीही.